१४५ मेगाहर्ट्झवरची खरखर : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

दिवाळीपासून स्कॅनर (लहरी एकेक चाळत फिरणारा रेडिओ) ऐकण्यासारखा राहिला नाही. दोन महिने नुसती चिडचिड केली, आज वही काढली. मोटार रिवाइंडिंगच्या धंद्यात एक सवय लागलेली आहे: जळालेली वाइंडिंग सोडवतानाच टर्न (तारेचे वेढे) मोजून लिहायचे, नाही तर भरताना बोंब. ही खरखरही तशीच सोडवायची.

आधी मांडणी. घर आर्वी तालुक्यात, खाली समोर दुकान, मागे राहणं, वर स्लॅब. स्लॅबवर वीस फुटी जीआय पाइप, त्याच्या टोकावर १४५ चा अँटेना: साधारण ४९ सेंटिमीटरची उभी काडी आणि खाली तिरप्या चार. बाजूला बांबूवर १३७ साठी व्ही आकाराचा डायपोल, ५३.४ सेंटिमीटरचे दोन हात, मधला कोन १२० अंशांचा. पुतण्याची खोली स्लॅबच्या जिन्यालगत, तिथेच ब्रॉडबँडचा डबा. एक जुना हातात धरायचा स्कॅनर आणि लॅपटॉपला लावायचं एसडीआर डोंगल, म्हणजे लहरींचा पट्टा पडद्यावर दाखवणारा छोटा रिसीव्हर.

ऐकतो तीनच गोष्टी. रात्री साडेआठला पुलगावच्या मित्राशी १४५.५०० वर गप्पा. अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८२५ वर येणारी पॅकेटची, म्हणजे डिजिटल संदेशांची, चर्र-चर्र. आणि रशियाचे मिटिअर उपग्रह १३७.९ च्या आसपास पाठवतात ती ढगांची चित्रं. पूर्वी अमेरिकेच्या नोआचे तीन म्हातारे उपग्रह सोप्या पद्धतीनं चित्र देत, ते २०२५ मध्ये एकापाठोपाठ बंद झाले. पोलिस, लष्कर वगैरे ऐकायचं नसतं आणि मी ऐकत नाही. हौशी रेडिओचं लायसन दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी लावलेलं आहे, ते तिथेच राहावं अशी इच्छा आहे.

दुखणं असं: १४४ ते १४६ फिरायला लावलं की स्कॅनर पाच-सहा जागी थांबतो आणि तिथे माणूस नसतो. स्क्वेल्च (बारीक आवाज गाळणारी मर्यादा) वाढवला की थांबत नाही, पण मग पुलगावही ऐकू येत नाही. स्थानकाची पॅकेट क्षितिजापासून थोडं वर आल्यावरच मिळायची, आता पार डोक्यावर आल्यावर मिळतात, म्हणजे दहा मिनिटांच्या फेरीतली दोन-तीन मिनिटं. मिटिअरच्या चित्रात काळे पट्टे.

संशयित: शेजारच्या वावरातली झटका मशीन (कुंपणाच्या तारेला विजेचे ठोके देणारी), एलईडी ट्यूब, इन्व्हर्टर, नेटचा डबा. माझा पहिला संशय झटक्यावर. लिहून ठेवतो, नंतर नाकारता येऊ नये म्हणून.

६ जानेवारी

सर्वांत आधी स्वतःचं घर झाडलं. डोंगलची अँटेनाची पिन काढली आणि लॅपटॉपवर पाहिलं. अँटेना नसतानाही १४४.००० वर एक रेघ उभीच. डोंगलच्या आत २८.८ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल असतं, आणि २८.८ पंचे बरोबर १४४. म्हणजे हे भूत डोंगलच्याच पोटातलं. खोडलं. बाकीच्या रेघा आणि तळातलं गवत (सगळीकडे पसरलेली बारीक खरखर) अँटेना काढल्यावर गेलं, म्हणजे ते बाहेरून येतं.

एक रेघ कमी झाली. ही माझी नव्हतीच, तरी बरं वाटलं.

७ जानेवारी

झटका मशीन. शेजारच्या काकांनी हरभऱ्याला रानडुकरं आणि रोही येऊ नयेत म्हणून सोलरची झटका लावली आहे. साधारण सेकंदाला एक ठोका. स्कॅनर एएमवर ठेवला की टक्, टक्, टक् ऐकू येतं, घड्याळासारखं. काकांना विचारलं, जरा पाच मिनिटं बंद करता का.

"माह्या झटक्यानं तुह्या रेडिओले काय होते बे? डुकरं आले तर तू राखण करशील काय?"

पण बंद केली बिचाऱ्यांनी. टक् टक् थांबलं. खरखर जशीच्या तशी. म्हणजे झटका हा वेगळा आजार आहे आणि लहान आहे. ठोका बसतो तेव्हा क्षणभर सगळ्या पट्ट्यात आडवी रेघ उमटते आणि विझते. माझ्या दुखण्यातल्या रेघा उभ्या आहेत, न हलणाऱ्या, चोवीस तास. हा फरक आधी नीट पाहिला असता तर काकांची बोलणी वाचली असती.

जाता जाता कुंपणावरून फिरून आलो. दोन जागी तार ओल्या गवताला टेकलेली, तिथे ठिणगी उडताना अंधारात दिसते. ते नंतर.

८ जानेवारी

दुपारी तीनला लाइट गेली. रेडिओवाल्यासाठी लाइट जाणं म्हणजे फुकटची प्रयोगशाळा. लॅपटॉप बॅटरीवर होताच, लगेच स्लॅबवर गेलो. अख्खं गाव बंद, गिरणी बंद, आणि खरखर चालू!

दोन मिनिटं डोकं चालेना. मग खालून पंख्याचा आवाज ऐकू आला. इन्व्हर्टर. खाली येऊन इन्व्हर्टरचा स्विच दाबला, वर पळालो: पडद्यावर स्वच्छ काळं. त्या गवताचा तळ साधारण १५ डीबीनं (डेसिबल, लहरींच्या जोराचं माप) खाली गेलेला. दिवाळीच्या आधी असाच असायचा.

एवढ्यात पुतण्या जिन्यातून: "मोठेबाबा, नेट कायले बंद केलं? माहा फॉर्म अर्धा भरून झाला होता ना!"

इन्व्हर्टरवर चार गोष्टी आहेत: दोन पंखे, तीन ट्यूब, नेटचा डबा, आणि दिवाळीत बसवलेले गोठ्याचे कॅमेरे. मागच्या पावसाळ्यात गावातल्या दोन गोठ्यांतून शेळ्या चोरीला गेल्या, म्हणून पुतण्यानं बसवून घेतले.

फॉर्म पुन्हा भरून झाल्यावर एकेक बंद करत गेलो. पंखे: काही नाही. ट्यूब: खालच्या लहरींवर थोडा फरक, १४५ वर नाही. नेटचा डबा आणि कॅमेऱ्याचा स्विच (कॅमेऱ्यांच्या नेटच्या वायरी जुळतात तो डबा) एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आहेत. तो बोर्ड काढला की सगळं शांत.

१० जानेवारी

दोन दिवस मोटारींत गेले. रब्बीचं पाणी सुरू आहे, वावराच्या लाइनची लाइट रात्रीची, रोज एक-दोन जळक्या मोटारी येतात. रात्री अकराला डोंगल लावून लांबची पट्टी पाहिली. १२५ वर उंच काठी. १५० वर दुसरी. १०० वर पाहिलं, तिथेही, मात्र एफएमच्या गर्दीत लपलेली.

शाळेतला पाढा आहे हा. पंचवीस चोक शंभर, पंचवीस पंचे सव्वाशे, पंचवीस सक दीडशे. लॅनच्या (घरातल्या घरात नेटच्या वायरींनी जोडलेल्या जाळ्याच्या) जवळजवळ प्रत्येक डब्यात २५ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल असतं, आणि १०० एमबीचा लॅन वायरवर सेकंदाला साडेबारा कोटी चिन्हं ढकलतो, म्हणजे १२५ मेगाहर्ट्झची चाल. आणखी एक गंमत: १०० एमबीची जोडणी मोकळी असली तरी गप्प बसत नाही. पाठवायला काही नसेल तेव्हाही दोन्ही टोकं एकमेकांना अखंड काहीतरी म्हणत असतात, हरिपाठासारखं. म्हणून रात्री घरात कोणी नेट वापरत नसतानाही खरखर तेवढीच होती. मला वाटत होतं की डेटा वाहतो तेव्हाच गोंगाट होत असेल. चूक.

पाढा सापडला, म्हणजे आरोपी लॅनच्या घराण्यातला. कोणता भाऊ, ते शोधायचं.

११ जानेवारी

नेटच्या डब्याचा अडॅप्टर बदलला. बारा व्होल्टचाच, दुकानातला जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला, पुढे रेग्युलेटर लावून. १४५ वर शून्य फरक. पण स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अवो, रेडिओ दुरुस्त केला काय तुम्ही?"

आमच्याकडे सकाळी मीडियम वेव्हवर नागपूर केंद्र लागतं, ५८५ किलोहर्ट्झ. तिथेही दिवाळीपासून घूंऽऽ असा आवाज होता आणि मला तिनं सांगितलंच नाही, की मी ऐकलंच नाही. याचं कारण वेगळं. हलके एसएमपीएस अडॅप्टर सेकंदाला साठ-सत्तर हजार वेळा चालू-बंद होतात. त्यांचे पडसाद एकावर एक चढत मीडियम वेव्ह, शॉर्टवेव्ह खराब करतात, पण १४५ पर्यंत चढेपर्यंत दम संपतो. त्यामुळे एकाच घरात दोन रोग होते: मीडियम वेव्हला अडॅप्टरचा, व्हीएचएफला (१४५ च्या पट्ट्याला) लॅनचा.

"इतके दिवस मी बातम्या घूं-घूं ऐकून राहिली होती, अन् तुम्ही वर उपग्रह पाहून राहिले होते," असं ऐकून घेतलं. नोंद करण्यासारखं आहे म्हणून केली.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ. काम नाही.

१६ जानेवारी

वासकुत्रं बनवलं. मोडक्या कोॲक्सचा (मधे तार, भोवती जाळी असलेल्या अँटेनाच्या केबलचा) हातभर तुकडा घेतला, टोकाला दोन बोटं मावतील एवढी कडी वळवली, मधला तार कडीच्या शेवटी जाळीला डाग दिला, आणि कडीच्या वरच्या मध्यावर जाळी अर्धा सेंटिमीटर कापून मोकळी ठेवली. वर इन्सुलेशन टेप. ही कडी दूरचं काही ऐकत नाही, बोटभर अंतरावरचं मात्र मोठ्यानं ऐकते. डोंगलला लावून १२५ वर ठेवली आणि बोर्डावरून फिरवायला लागलो, जशी मोटारीच्या कोअरवर ग्राउलर फिरवून शॉर्ट झालेला कॉइल शोधतो.

नेटच्या डब्यावर: आहे, पण बेताचं. कॅमेऱ्याच्या स्विचवर: आहे. स्विचमधून निघून खिडकीतून बाहेर जाणाऱ्या वायरीवर कडी टेकवली आणि रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन चिकटली.

वायर धरून बाहेर आलो. खिडकी, छज्जा, मग सरळ वर, माझ्या जीआय पाइपला. कॅमेरे बसवणाऱ्या पोरानं गोठ्याकडे वायर हवेतून नेण्यासाठी माझ्या अँटेनाचा पाइप हा आयता खांब समजून पंधरा फुटांपर्यंत वायर त्याला बांधत नेली आहे. दर हाताला एक प्लास्टिकची पट्टी, अगदी नीटनेटकी. तिथून चाळीस मीटर गोठ्यापर्यंत झोका. अँटेनाच्या काड्यांपासून जेमतेम पाच फुटांवर. तीन महिने मी तोच पाइप धरून अँटेना हलवत होतो आणि ती काळी वायर मला दिसत होती. दिसत होती, पाहिली नव्हती.

स्विचमधून फक्त ती एक पिन काढली. शांत. नेटचा डबा चालू असूनही शांत.

स्विचचा डबा हातभर वायरीवर आपल्या खोलीत पडला असता तर मला कळलाही नसता. १४५ ला पाव तरंग अर्ध्या मीटरचा. त्याहून लांब तार मिळाली की आतल्या गोंगाटाला अँटेना मिळाला. इथे तर चाळीस मीटर दिला होता, तोही माझ्याच खांबावर.

१७ जानेवारी

पण लॅनची वायर अशी ओरडायला नको. तिच्यात तारा जोडीनं पीळ घातलेल्या असतात ते यासाठीच: एका तारेत जेवढं जातं तेवढंच दुसरीतून उलटं येतं, बाहेरून पाहिलं तर बेरीज शून्य. जोडीत समतोल असेल तर ती मुकी. मग ही का बोलते?

दोन्ही टोकांच्या पिना कापून आणल्या आणि दुकानातल्या भिंगाखाली धरल्या. आधी तारच पाहिली. ब्लेडनं खरडली, वर तांब्याचा मुलामा आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. तीस वर्षं तांबं भरणाऱ्या माणसाच्या घरावर ॲल्युमिनियमची वायर, असो. मग रंग मोजले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला किती सरळ! जोडीशेजारी जोडी. दुसऱ्या टोकालाही तसंच. टेस्टरवर आठही दिवे क्रमानं लागणार, कारण १ ला १ आणि ८ ला ८ जोडलेलंच आहे.

गोम अशी की १०० एमबीच्या लॅनमध्ये जाण्याची जोडी १-२ वर आणि येण्याची ३-६ वर असते. म्हणून योग्य क्रमात तिसऱ्या जागी पांढरा-हिरवा आणि सहाव्या जागी हिरवा हवा, आणि मधल्या चौथ्या-पाचव्या जागी निळा, पांढरा-निळा. या पोरानं सरळ लावल्यामुळे तिसऱ्यावर हिरव्या जोडीतली तार आणि सहाव्यावर निळ्या जोडीतली. म्हणजे येणारा आणि जाणारा वेगवेगळ्या पिळात. नवरा एका बैलगाडीत, बायको दुसऱ्या. शिवाय ४-५ आणि ७-८ वरून कॅमेऱ्याची वीज जाते, त्यातली ४-५ ची याच पिळांमध्ये घुसली. समतोल गेला, पीळ निरुपयोगी झाला, आणि गोठ्यापर्यंतची अख्खी वायर १२५ ची वाजंत्री झाली. कॅमेरा मात्र चालत राहिला, म्हणून कोणाला शंका आली नाही. पुतण्या म्हणतो की रात्री चित्र मधूनच गोठायचं. त्याला वाटायचं थंडीनं.

बसवणाऱ्या पोराला फोन करून सांगितलं, ओरडलो नाही. तो म्हणाला, "काका, आम्ही सगळीकडे असंच मारतो, चालते." चालतं हे खरंच आहे. त्यानं क्रम लिहून घेतला, हे मला आवडलं.

१८ जानेवारी

शुद्ध तांब्याची कॅट-६ वायर आणली, पन्नास मीटर. क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ पिनेच्या तोंडापर्यंत ठेवला, बोटभरही सोडला नाही. आधीच्याच जागी, त्याच पाइपवर तात्पुरती बांधून मोजलं, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

१४५ चा तळ आधी स्वच्छ पातळीच्या १५ डीबी वर होता, आता ६ वर. म्हणजे अर्ध्याहून जास्त रोग एका पिनेत होता.

मग वायर पाइपवरून उतरवली आणि घराच्या मागच्या भिंतीनं, निंबाच्या झाडावरून गोठ्याकडे नेली. अँटेनापासून कमीत कमी आठ मीटर. आता ३ डीबी.

२१ जानेवारी

फेराइट, म्हणजे वायरीवरचा गोंगाट अडवणारं चुंबकी साहित्य. पार्सल यायला वेळ आहे, म्हणून भंगारवाल्याकडून जुन्या डबा-मॉनिटरच्या केबल आणल्या. त्यांच्या टोकाला असलेला तो गाठोड्यासारखा फुगवटा म्हणजे फेराइटच. हातोड्यानं प्लास्टिक फोडून सहा कांड्या निघाल्या, दोन फुटल्या. फेराइट काचेसारखं फुटतं, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

जोडीतला समतोल प्रवाह फेराइटला दिसत नाही. फक्त अख्खी वायर मिळून जो फुकटचा प्रवाह वाहते त्यालाच ते अडवतं, त्यामुळे नेटच्या वेगावर परिणाम होत नाही. आणि टर्नचा हिशोब आमच्या धंद्यातलाच: टर्न दुप्पट, तर रोध चौपट. म्हणून मी खुशीत येऊन मोठ्या रिंगवर नऊ टर्न मारले. मोजलं तर १४५ वर जवळपास काही नाही. चार टर्न ठेवले तर चांगला फरक. टर्न वाढले की शेजारच्या टर्नमधली कपॅसिटन्सही वाढते आणि एवढ्या वरच्या लहरी टर्नवरून टर्नवर उडी मारून निघून जातात. पन्नास हर्ट्झच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. मीडियम वेव्हसाठी मात्र नऊ टर्नच बरे, म्हणून ती रिंग अडॅप्टरच्या वायरीला दिली.

स्विचपासून दोन इंचांवर चार टर्न, गोठ्यात कॅमेऱ्याजवळ तीन टर्न. उगमाशीच लावायचं, मधे कुठेतरी नाही. मधे लावलं तर त्याच्या अलीकडची वायर अँटेना म्हणून शिल्लक राहतेच. आता १ डीबी, कधी शून्य.

२३ जानेवारी

पार्सल आलं. ४३ नंबरचं मटेरियल, साधारण २५ ते ३०० मेगाहर्ट्झला योग्य. शॉर्टवेव्हवाल्यांनी ३१ नंबर घ्यावं. भंगारातल्या कांड्यांपेक्षा फार जास्त फरक पडला नाही, पण क्लिप बसते आणि फुटत नाही.

२५ जानेवारी

सकाळी वानरांची टोळी स्लॅबवर. व्ही-डायपोलचा एक हात काटकोनात वाकवून गेली, आणि दुसऱ्यावर एक पिल्लू झोका घेत होतं. ॲल्युमिनियमच्या काड्या काढून सहा मिलिमीटरची स्टीलची सळई लावली. वजन वाढलं, बांबू वाकतो. बांबूलाही उपाय करावा लागेल.

२८ जानेवारी

आता अँटेनाची केबल. एवढं करूनही स्थानकाची पॅकेट पूर्वीइतकी खालून मिळेनात. शंका अशी की अँटेनाच्या कोॲक्सची बाहेरची जाळी घरातून जाताना घरचा गोंगाट उचलते आणि वर नेऊन अँटेनाच्या पायाशी सोडते. कडी फिरवून पाहिली, खरं आहे. लॅपटॉपच्या टोकाशी तीन फेराइट क्लिपा आणि अँटेनाच्या पायाशी तीन.

त्याच निमित्तानं केबल बदलली. आधीची बारीक कोॲक्स १५ मीटर होती. तिच्याऐवजी डिशवाल्यांची आरजी-६ घातली. पंचाहत्तर ओहमची केबल पन्नास ओहमच्या रेडिओला लावू नये असं म्हणतात, ते प्रक्षेपणाच्या वेळी पाळावं. नुसतं ऐकायचं तर त्या विजोडीनं नुकसान एक डीबीहूनही कमी, आणि केबलमधली गळती मात्र बारीक कोॲक्सच्या जवळपास निम्मी. बोलण्यासाठीची केबल वेगळी आहे, तिला हात लावला नाही.

२ फेब्रुवारी

पुतण्याला विचारून नेटचा डबा त्याच्या खोलीतून हलवला. तो अँटेनाच्या बरोबर खाली होता, आणि त्याच्यापासून पुतण्याच्या कॉम्प्युटरला, टीव्हीला अशा वायरी निघत होत्या. डबा खाली बैठकीत न्यायचा तर लॅनची वायर लांबवावी लागेल असं वाटलं होतं. मग अक्कल आली: डब्यापर्यंत फायबर येतं. फायबरमध्ये उजेड जातो, खाली येणारा १४९० नॅनोमीटरचा आणि वर जाणारा १३१० चा. काच रेडिओ लहरी टाकत नाही, कितीही लांबवा. तांब्याची वायर लांबवायची नाही, काचेची लांबवायची.

हिरव्या टोकाची पंधरा मीटरची फायबर पॅच केबल आणि एक जोड आणला. वळणं तीन सेंटिमीटरपेक्षा लहान करायची नाहीत, म्हणून कोपऱ्यात प्लास्टिकच्या पाइपचा गोल तुकडा लावून वळवली. उंदरांची भीती आहे, तेवढा भाग केसिंगमध्ये. वर पुतण्याला वाय-फाय थोडं कमी मिळतं. त्याची तक्रार ऐकून घेतली आणि त्याच्या मोबाइलचं रिचार्ज करून दिलं.

५ फेब्रुवारी

एक प्रयोग राहिला होता, उत्सुकतेपोटी. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जोडणी १० एमबी हाफ (एका वेळी एकाच दिशेनं; दोन्ही दिशांनी ती फुल) अशी बसवली. १० एमबीचा लॅन मोकळा असताना गप्प बसतो, फक्त दर १६ मिलिसेकंदांनी "मी आहे" असा एक ठोका देतो. फेराइट काढून मोजलं तरी पडद्यावर काही नाही. फुल मात्र निवडायचं नाही: एका टोकाला हातानं फुल लावलं की दुसरं टोक वाटाघाट न होऊन हाफ धरतं आणि पाकिटं आपटायला लागतात. ज्याच्याकडे फेराइट नाही त्यानं आधी हे करून पाहावं, पैसे लागत नाहीत. गोठ्याच्या कॅमेऱ्याचं चित्र दोन-तीन एमबीचं, ते आरामात जातं. तसंच राहू दिलं, फेराइटही परत लावलं.

८ फेब्रुवारी

काकांच्या कुंपणावर गेलो. तारेखालचं गवत विळ्यानं काढलं, दोन तडकलेले इन्सुलेटर बदलले. टक् टक् इतकं बारीक झालं की मुद्दाम कान द्यावा लागतो. "आता माहा झटकाही जोरात लागते बे," काका म्हणाले. ठिणगीतून गळत होता तो डुकरांच्या वाट्याला आला असणार. ओंजळभर ओला हरभरा घेऊन परत.

१२ फेब्रुवारी

स्कॅनर रात्रभर १४४ ते १४६ फिरत ठेवला. सकाळपर्यंत एकदाही रिकाम्या जागी थांबला नाही. पुलगावच्या मित्रानं मुद्दाम शक्ती कमी करून बोलून पाहिलं, अर्धा वॉट, शब्द न् शब्द.

१४ फेब्रुवारी

सकाळची मिटिअरची फेरी, १३७.९ वर. उत्तरेकडून आला, एकही पट्टा गळला नाही. दुसऱ्या चॅनलमध्ये, जिथे पाणी काळं दिसतं, ऊर्ध्व वर्धा धरणाचा काळा डाग स्पष्ट आला. बायकोला बोलावून दाखवला. चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

"अन् आपलं घर?"

त्यात एक ठिपका साधारण एक किलोमीटरचा असतो, सांगितलं. मग धरणापासून बोट खाली आणून अंदाजानं एका करड्या ठिपक्यावर ठेवलं.

बांबू बदलायचा आहे. वानरं परत आली आहेत.